मडक्यातला देव

नागपंचमीला सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत काही गोष्टी आवर्जून टाळल्या जातात. विळी-सुरी हातात घेत नाहीत, चुलीवर तवा चढत नाही, तळण होत नाही. पुरणाची दिंडं उकडून केली जातात. शेतात त्या दिवशी औत जुंपत नाहीत, कुदळ जमिनीला लागत नाही. कारण विचारलं तर म्हातारी माणसं एक गोष्ट सांगतात. नांगरणाऱ्या शेतकऱ्याच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं सापडली, तिचा कोप झाला आणि शेवटी एका लेकीच्या पूजेने ती शांत झाली. गोष्टीतला कोप आणि उःशाप बाजूला ठेवला तरी तिच्यातला सल्ला स्पष्ट आहे. पावसाळ्यात बिळं पाण्याने भरतात, साप वर येतात, अशा दिवसांत निदान एक दिवस जमिनीला हात लावू नका. नागाची पूजाही पाटावर काढलेल्या चित्राची, मातीच्या नागाची किंवा लांबूनच वारुळाची.

याच मुलखातल्या एका गावात मात्र नागपंचमीच्या आधी पंधरा-वीस दिवस बांध आणि बिळं उकरून नाग बाहेर काढले जात.

बत्तीस शिराळा. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, वारणेच्या खोऱ्यातलं, चांदोलीच्या जंगलाच्या वाटेवरचं. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. पण गावाची ओळख जगभर झाली ती नागांमुळे. गोरक्षनाथ भिक्षेला आले, महाजनांच्या घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, नाथांनी तो नाग जिवंत केला, अशी इथली आख्यायिका. तेव्हापासून जिवंत नागाची पूजा. गावातल्या मंडळांचे तरुण काठ्या-कुदळी घेऊन शिवारात फिरत, सापडलेला नाग मडक्यात घालून तोंडाला फडकं बांधत आणि मडकं घरात टांगून ठेवत. पंचमीला अंबाबाईच्या देवळात दर्शन, मग बैलगाड्या आणि ट्रॅक्टरवरून मिरवणूक, पुढे ढोल-ताशे, नंतरच्या काळात डीजे. सगळ्यांत लांब नाग कोणाचा, सगळ्यांत उंच फणा कोणाचा, याच्या स्पर्धा. दुसऱ्या दिवसापासून नाग पुन्हा शिवारात.

शिराळकरांच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. गारुडी करतात तसे नागाचे दात उपटायचे नाहीत, याचा गावाला अभिमान होता. आणि इथल्या माणसांना नाग कळतो. तो कुठल्या बांधात असेल, कसा वळेल, शेपटी कुठे धरायची, हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. उसाच्या फडात नाग निघाला की आजूबाजूच्या गावांत काठी शोधली जाते. शिराळ्यात तो धरू शकणारा माणूस शोधला जातो. हा फरक लहान नाही.

पण नागाला धरता येणं वेगळं आणि नाग समजणं वेगळं. उंच फण्याच्या स्पर्धेत तो भेद उघडा पडतो. नाग फणा काढतो तो घाबरल्यावर. मानेकडच्या बरगड्या ताणून, अंगाचा पुढचा भाग उचलून तो समोरच्याला सांगत असतो की लांब राहा. बिळात, उंदराच्या मागावर, ऊन खाताना नागाचा फणा मिटलेलाच असतो. म्हणजे समोर हात किंवा गाडगं हलवून ज्याचा फणा सर्वांत उंच आणि सर्वांत जास्त वेळ उभा राहिला, तो त्या दिवशी सर्वांत जास्त घाबरलेला नाग होता. बक्षीस त्याच्या मालकाला मिळत असे. हजारो लोक हात जोडून उभे, आणि ज्याला हात जोडले तो जीव वाचवायच्या पवित्र्यात. भाविकांना यात आशीर्वाद दिसला हे समजू शकतं. ज्यांनी साप पाहण्यात आयुष्य घालवलं त्यांना तो दिसायला नको होता.

काळही वाईट. भारतीय नागाची मादी साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते, एका वेळी दहा ते तीस. जागा म्हणजे उंदराचं बीळ नाहीतर वारूळ. बहुतेक साप अंडी घालून निघून जातात. नागीण मात्र अंड्यांजवळ राहते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे आषाढाच्या अखेरीला बीळ उकरणाऱ्याच्या हाती अंड्यांवर बसलेली मादी लागण्याची शक्यता चांगलीच असते. मादी मडक्यात गेली, बीळ उघडं पडलं, पाऊस आत शिरला. पंचमीनंतर तिला सोडलं तरी ती परत येईतो त्या अंड्यांचं काय झालेलं असतं, हे स्पर्धेच्या नोंदीत कुठेच येत नाही. नांगराखाली मेलेल्या पिल्लांची गोष्ट सांगणाऱ्या सणातच हे घडत होतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या लेखी ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. शिराळ्याने हा कायदा तीसेक वर्षं अंगाला लावून घेतला नाही आणि वनखात्यानेही फार आग्रह धरला नाही. मग प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायद्याची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. तेव्हापासून शिराळ्याच्या पंचमीला वनखात्याची पथकं, पोलिसांचा बंदोबस्त आणि मिरवणुकीत मातीचे नाग. २०२२ च्या दुरुस्तीने नागाला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नेलं. आता त्याला पकडलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते, वाघाच्या शिकारीला असते तेवढी.

गाव या बंदीवर कायम नाराज राहिलं आणि ते साहजिक होतं. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पंचमीच्या चार-पाच दिवसांसाठी २१ नाग पकडायला परवानगी दिली तेव्हा गावात जल्लोष झाला. परवानगीच्या कागदावर हेतू लिहिला होता तो शिक्षणाचा: सापांविषयीचं पारंपरिक ज्ञान तरुणांपर्यंत पोचवणं. पूजेसाठी, मिरवणुकीसाठी, स्पर्धेसाठी ती परवानगी नव्हती. कायद्याच्या चौकटीत बसेल असा दरवाजा शोधून किल्ली फिरवली गेली, हे कुणाच्याही लक्षात येईल. निवडणुका जिंकणाऱ्यांना अशा दरवाजांची माहिती चांगली असते.

या मागणीमागचा युक्तिवाद सातारा-सांगलीच्या कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतो: बैलगाडा शर्यत चालते, मग आमचा नाग का नाही? प्रश्न रास्त वाटतो, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी छळ प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती ग्राह्य धरली. तो निकाल पटो न पटो, तो बैलाबद्दल आहे. बैल हजारो वर्षं माणसाच्या दावणीला आहे. मालकाचा आवाज त्याला कळतो, दमला की बसतो, दुखलं की हंबरतो, आजारी पडला तर तालुक्याला डॉक्टर आहे. नागाच्या बाबतीत यातलं काहीच लागू होत नाही. तो पाळीव नाही, पाळीव झालेला नाही आणि पंधरा दिवसांत होणारही नाही. माणसाच्या हाताची त्याला सवय झाल्यासारखी वाटते तेव्हा बहुतेकदा तो थकलेला असतो.

सापावरची क्रूरता दिसत नाही, खरी अडचण इथे आहे. त्याला ओरडता येत नाही. पापण्या नाहीत, त्यामुळे डोळे मिटून घेता येत नाहीत. चेहऱ्यावर स्नायूंची अशी रचनाच नाही की वेदना उमटावी. शीतरक्ताचा प्राणी असल्याने तो हळू जगतो आणि मरतोही हळू. कुत्रं आठवडाभर उपाशी ठेवलं तर शेजारी तक्रार करतील. साप महिना-दोन महिने उपाशी राहून तसाच वेटोळं घालून पडलेला दिसतो, आणि बरणीचा मालक म्हणतो, याला काही लागतच नाही. मग एके दिवशी कात अर्धवट निघते, तोंडाच्या कडेला पू धरतो, साप मान वर करून उघड्या तोंडाने श्वास घेऊ लागतो. तोवर उशीर झालेला असतो. सापाला शरीराचं तापमान आतून राखता येत नाही, म्हणून त्याला उबेची जागा हवी आणि थंडाव्याचीही, म्हणजे हवं तेव्हा इकडून तिकडे सरकता येईल. लपायला जागा हवी, पाणी हवं, पूर्ण लांब होता येईल इतकी मोकळीक हवी. मडक्यात किंवा प्लास्टिकच्या बरणीत यातलं काय मिळतं?

हळद-कुंकवाचंही तेच. डोक्यावर वाहिलेली पूड त्याच्या नाकपुड्यांत जाते. डोळ्यांवर पापणीऐवजी पारदर्शक खवला असतो, त्याच्या कडेला ती साचते. दुधाबद्दल तर किती वर्षं सांगून झालं. साप दूध पीत नाही. गारुड्याने दिवस दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते ओलं पितो. ते दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत गेलं तर जीवावर बेततं. तरीही दरवर्षी श्रावणात कुणीतरी वाटी पुढे करतोच.

गारुड्याचा खेळ आता आठवडी बाजारात फारसा दिसत नाही, पण त्यामागची पद्धत माहीत असायला हवी. नागाचे विषदात पकडीने उपटतात. ते पुन्हा येतात म्हणून पुन्हा उपटतात. विषग्रंथी चिरडतात, कधी तोंड दोऱ्याने शिवतात. असा नाग शिकार करू शकत नाही, तोंड सडतं आणि काही आठवड्यांत मरतो. मग नवा पकडला जातो. पुंगीच्या सुरावर तो डोलतो हे खरं नाही. सापाला बाहेरचा कान नाही, पण आतला कान आहे, जमिनीतले हादरे आणि काही हलके सूर त्याला कळतात. डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवून. टोक म्हणजे त्याच्या लेखी हल्लेखोर. गारुडी जाती-जमातींचा पोटापाण्याचा धंदा कायद्याने काढून घेतला आणि बदल्यात त्यांना फारसं काही दिलं नाही, ही सरकारची चूक आहेच. पण ती भरून काढायची तर माणसांना काम देऊन. नागाच्या दातांनी ती भरून निघणार नाही.

मांडुळाची गोष्ट आणखी वेगळी. बिनविषारी, लाजाळू, मातीत राहणारा साप. शेपटी बोथट असल्याने ती दुसरं डोकं वाटते, म्हणून ‘दुतोंड्या’ म्हणतात. त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं, नशीब उघडतं, या समजुतीवर लाखो-कोटींचे आकडे फिरतात आणि वजन जितकं जास्त तितकी किंमत जास्त, असा बाजार भरतो. २०१६ ते २०२१ या काळात देशभरात मांडूळ जप्त झाल्याच्या १७२ घटना वन्यजीव अभ्यासकांनी नोंदवल्या. त्यांपैकी ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वांत जास्त. दुष्काळी माण-खटावपासून जतपर्यंतच्या मोकळ्या, भुसभुशीत रानात मांडूळ आढळतो. त्याला पोत्यात, डब्यात, गाडीच्या डिकीत कोंबून सौदा होईपर्यंत गावोगाव फिरवतात. त्यात साप मेला तर नुकसान तस्कराचं. गिऱ्हाईक बहुतेकदा शिकलेलं असतं, ही आणखी लाजिरवाणी गोष्ट.

आता सर्पमित्रांकडे वळू. हा विषय नाजूक आहे, कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्रात साप वाचले असतील तर ते बऱ्याच अंशी यांच्यामुळे. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत काढले आणि साप विनाकारण चावत नाही हे हजारो लोकांना डोळ्यांनी दाखवलं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. (७२ तासांचा तो प्रयोगही सापांचा खेळच होता, असं कुणी म्हणेल. होता. पण त्यानंतर काठी खाली ठेवणाऱ्यांची संख्या वाढली, हेही खरं.) आज साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत, इस्लामपूरला घरात ‘लांबडं’ निघालं तर रात्री बारालाही फोन उचलणारी मुलं आहेत. बहुतेकांना त्याचा पैसा मिळत नाही, विमा नाही, हातात हूकसुद्धा स्वखर्चाचा.

पण याच गर्दीत दुसरी जात वाढली आहे. साप धरला की मोबाइल सुरू. धामण गळ्यात, नाग तळहातावर, कधी तर फण्याचा मुका घेतानाचा व्हिडिओ. धरलेला साप वनखात्याला कळवून लवकरात लवकर सोडायचा, हा नियम. प्रत्यक्षात तो आठवडाभर घरच्या बरणीत राहतो, शाळेत ‘प्रबोधना’ला जातो, वाढदिवसाला येतो. भारतातला कुठलाही देशी साप घरी पाळायची मुभा कायदा देत नाही, त्यामुळे हे लपूनछपून पाळणंच म्हणायचं. अशा खेळांत सर्पमित्र दंश होऊन दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बातमीत माणूस मेल्याचं येतं. त्या सापाचं पुढे काय झालं ते येत नाही.

सोडण्याची जागाही विचार करण्याजोगी. भल्या हेतूने घरातला नाग उचलून तीस-चाळीस किलोमीटरवर कोयनेच्या किंवा चांदोलीच्या जंगलात सोडला, तर सापाचं भलं झालं असं वाटतं. अमेरिकेत रॅटलस्नेकवर झालेल्या अभ्यासात असे दूर नेऊन सोडलेले साप जास्त भटकले आणि जास्त मेले. कर्नाटकात आगुंबेला नागराजांच्या शरीरात ट्रान्समीटर बसवून माग काढला गेला, तेव्हा हलवलेला साप असाच लांबवर भटकत गेल्याचं दिसलं. सापाला त्याचा परिसर पाठ असतो: पाणी कुठे, उंदीर कुठे, थंडीत शिरायचं बीळ कुठे. तो त्यातून तोडला की अनोळखी जागी रस्ते ओलांडत राहतो आणि चाकाखाली येतो. म्हणून जवळच, शक्यतो त्याच शिवारात, वस्तीपासून थोडा दूर सोडणं बरं. घरमालकाला हे पटवून देणं हेच सर्पमित्राचं खरं कसब आहे, आणि त्याचा व्हिडिओ फारसा चालत नाही.

शहरात सापाचा शौक वेगळ्या रूपात येतोय. परदेशी बॉल पायथन, कॉर्न स्नेक काचेच्या पेटीत. त्यांची नोंद ठेवायला केंद्राने २०२४ मध्ये नियम केले, पण माल येतो कसा ते मुंबई विमानतळावर दिसतं. २०२५ च्या जूनमध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात चाळीसहून अधिक विषारी साप निघाले. त्याआधी २०२३ मध्ये बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले अजगर आणि साप सापडले होते. पकडले गेलेले एवढे, न पकडलेले किती? या सापांना विकत घेणारा हौशी माणूस सहसा दुष्ट नसतो. त्याला फक्त माहीत नसतं की हा प्राणी वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो आणि त्याच्यावर उपचार करू शकणारे डॉक्टर राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात साऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या मालकावर त्यांच्या गरजा भागवण्याची जबाबदारी आहे, त्यात साप आलाच. आपल्याकडे १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. मिसळीची प्लेट त्याहून महाग पडते.

एवढं सगळं वाचून वाळवा-पलूसचा ऊसतोड मजूर विचारेल, सापाची एवढी काळजी, आणि आमची? प्रश्न चुकीचा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण, बहुतेक शेतात राबणारी. साप चावला की ‘पान लागलं’ असं हलक्या आवाजात सांगून रुग्णाला आधी देवळात नेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा कृती आराखडा जाहीर केला. पण सापाला नीट वागवणं आणि माणसाला वाचवणं या दोन वेगळ्या वाटा नाहीत. घाबरलेला, कोंडलेला, गर्दीत फिरवलेला साप चावतो. बिळात राहिलेला नाग आणि धामण उसाच्या फडातले उंदीर संपवतात. मारलेली धामण एकही उंदीर खात नाही.

इथे शिराळ्याकडे पुन्हा वळावं लागतं, आणि या वेळी तक्रारीच्या सुरात नाही. त्याआधी तमिळनाडूचं एक उदाहरण. १९७६ मध्ये सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली तेव्हा तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बुडाला. पण त्यांच्या हातातलं कसब वाया गेलं नाही. १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथे परवान्याने ठरावीक साप पकडले जातात, ठरावीक दिवस ठेवले जातात, चार वेळा विष काढलं जातं, पोटाच्या खवल्यावर खूण करून साप सोडले जातात. तेही मडक्यातच ठेवतात, फडकं बांधून. म्हणजे दोष मडक्यात नाही. किती दिवस ठेवायचा, कशासाठी, कोणाच्या देखरेखीखाली, आणि सोडलेल्याची नोंद कुठे, हे ठरलेलं असणं यात सारा फरक आहे. देशातल्या बहुतेक प्रतिसर्पविषाचा कच्चा माल याच भागातून आला आहे, आणि तीच त्याची मर्यादाही आहे. नागाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे तमिळनाडूच्या विषापासून केलेलं औषध इतरत्र तितकं चालत नाही, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. महाराष्ट्राला स्वतःच्या सापांच्या विषाचं संकलन हवं. त्यासाठी साप हाताळणारी शिस्तीची माणसं लागतील. ती माणसं कोणत्या तालुक्यात आहेत, हे वेगळं सांगायला नको.

हे काम मिरवणुकीइतकं देखणं नाही. त्यात ट्रॅक्टर नाही, डीजे नाही, बक्षीस समारंभाला आमदार नाही. पण शिराळ्याला त्यात नोकऱ्या मिळतील, आदरही मिळेल, आणि अंबाबाईच्या देवळात मातीचा नाग नेण्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण उरणार नाही. आख्यायिकेतही गोरक्षनाथ येण्याआधी ती बाई मातीच्या नागाचीच पूजा करत होती. सणाला रंगत आणायला जनावर लागतंच असंही नाही. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरीच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. ‘बोरीचा बार’ बघायला दूरदूरची माणसं येतात, आणि त्यात फार तर कुणाचा घसा बसतो.

राहता राहिले ते २१ नाग. शिक्षणासाठी परवानगी दिली असेल तर त्या शिक्षणाचा हिशोब जनतेला मिळायला हवा. प्रत्येक नाग कुठल्या गट नंबरात पकडला, मादी होती का, जवळ अंडी होती का, पकडताना वजन किती, सोडताना किती, किती दिवस मडक्यात राहिला, काय खायला दिलं, पशुवैद्यकाने तपासला का, सोडला त्याच जागी का. हा कागद वनखात्याने शिराळ्याच्या तहसील कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावावा. आणि पुढच्या पंचमीसाठी गावातून, आमदारांच्या शिफारशीसह, नवा अर्ज दिल्लीला जाईल तेव्हा हा कागद जोडल्याशिवाय तो दाखलच करून घेऊ नये.